एकशेसाठ फुटांचा संसार

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन आला की स्मरणिका निघते. तीत पाककृती असतात, विणकामाचे नमुने असतात, एखाद्या भगिनीने केलेल्या यात्रेची हकीकत असते. यंदा अध्यक्षाबाई मला म्हणाल्या, "तुम्ही चाळीचा इतिहास लिहा." मी दचकलेच. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, एवढेच मला ठाऊक. मी तसे बोलून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "राजांचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. आपल्या खोलीचा कुठे आहे?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग काही दिवस दुपारी वाचनालयात जाऊन बसले, चाळीतल्या वयस्क बायकांना विचारून घेतले, आणि सासूबाईंनी वेळोवेळी सांगितलेले आठवून पाहिले. त्यातून हे चार शब्द जुळवले आहेत. काही उणे-अधिक असल्यास वाचक भगिनींनी पदरात घ्यावे.

२००१ साली लग्न होऊन मी नायगावच्या बी. डी. डी. चाळीत आले. आपल्यापैकी पुष्कळजणी अशाच कोठून तरी आल्या आहेत. कोणी कोकणातून, कोणी घाटावरून. एक गोष्ट मात्र बहुतेकींची सारखी आहे. मागे सोडलेले घर, ते कितीही गरिबीचे असले तरी, इथल्या खोलीपेक्षा ऐसपैस होते. मोठ्या घरातून लहान घरात येणे ही गोष्ट हल्ली लोक नवी म्हणून सांगतात. आपल्या चाळींत ती शंभर वर्षे चालत आली आहे. चार-पाच खणांच्या घरातल्या बायकांनी १६० चौरस फुटांत संसार बसवला तो कसा, आणि ती जागा झाली ती कोणाच्या जिवावर, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

प्रथम ही खोली आली कोठून ते पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. मांडवी भागात ती प्रथम दिसली आणि पाहता पाहता शहरभर पसरली. दाटीच्या, अंधाऱ्या घरांमुळे रोग फैलावतो असे सरकारला वाटले, म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन झाली. तिने रुंद रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. त्या बी. आय. टी. चाळी म्हणून आपण आजही ओळखतो. पण रस्त्यांसाठी जितक्या गरिबांची घरे पाडली तितक्यांना नवी मिळाली नाहीत. त्यामुळे उरलेल्या खोल्यांत दाटी आणखीच वाढली. १९११ सालच्या शिरगणतीत मुंबईतील शंभरांपैकी सुमारे सत्तर माणसे एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. म्हणजे एक खोली ही अडचण नव्हती, तोच या शहराचा रिवाज होता.

पहिले महायुद्ध संपले, गिरण्या जोरात चालू लागल्या, गावाकडून माणसे येतच राहिली. तेव्हा १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. त्याचीच आद्याक्षरे बी. डी. डी. मजुरांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. खर्चासाठी कर्ज काढले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला. बेत मोठा होता, पण पुऱ्या झाल्या त्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आताच्या ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२. प्रत्येक चाळ तळमजला आणि वर तीन मजले. मध्ये लांब पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. म्हणजे मजल्यावर २० आणि चाळीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. संडास सगळ्यांना मिळून.

आपल्याला नवल वाटेल, पण आरंभी या खोल्यांत यायला लोक तयार नव्हते. भाडे परवडेना, काही चाळी गिरण्यांपासून लांब पडत, आणि सिमेंटची ती करडी घरे कोणाच्या मनास येईनात. कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या. १९३० सालच्या सत्याग्रहात तर वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला होता. ज्या भिंतींत सत्याग्रही कोंडले त्याच भिंतींत पुढे संसार फुलले. पुढे मुंबईत जागेची टंचाई झाली आणि मग याच खोल्यांसाठी लोक वशिले शोधू लागले.

आता मागे सोडलेल्या घराविषयी. माझ्या सासूबाईंचे घर संगमेश्वर तालुक्यात. पुढे सारवलेले खळे, मग ओटी, आत माजघर, माजघराला लागून देवाची खोली, मागे स्वयंपाकघर आणि पडवी. पडवीत जाते आणि जमिनीत पुरलेले व्हायन. भाताच्या कणग्या, शेजारी गोठा, परसात न्हाणी. बाळंतिणीची खोली निराळी. सासूबाई सांगत, "आमच्याकडे पैसा नव्हता गो, पण निजायला कोणी कोणाला सरक म्हणत नसे."

१९६५ साली त्या एस. टी.ने मुंबईस आल्या. सासरे गिरणीत साचेखात्यात होते. खोलीत अगोदरच सासरे, त्यांचे आईवडील, दोन दीर आणि एक लग्नाची नणंद अशी माणसे होती. सासूबाईंनी गावाहून आणले ते एवढेच : एक लोखंडी ट्रंक, दोन गोधड्या, तांब्याची कळशी, पाटा-वरवंटा आणि तांदळाची एक गोण. जाते आणता आले नाही. ते तेथेच पडवीत राहिले. पहिले काही दिवस रात्री कुशीवर वळायचे झाले तर शेजारच्याला जाग येईल म्हणून त्या तशाच पडून राहत.

अशा खोलीत आमच्या आधीच्या बायकांनी जागा कशी काढली ते नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी पहिली युक्ती केली ती उंचीची. सरकारने जमीन मोजून दिली, पण उंची कोणी मोजून घेतली नाही. छताखाली फळ्या टाकून पोटमाळा केला की अर्धी खोली वर मिळे. तेथे वर्षाच्या तांदळाचे डबे, गणपतीचे मखर, क्वचित लागणारी मोठी पातेली. परीक्षा जवळ आली की मुले दिवा घेऊन तेथे अभ्यासाला चढत. घरात नवे लग्न झाले की पोटमाळा नवराबायकोला दिला जाई. मान वर करून बसता येत नसे, पण पडदा ओढता येई.

दुसरी युक्ती खाटेची. लोखंडी खाटेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या की खाली हातभर जागा निघते. आमच्या खाटेखाली पुढच्या बाजूला कांदे-बटाट्यांची टोपली, मागे ट्रंका, आणि रात्री टोपली बाहेर सरकवली की एक मूल निजत असे. माझे यजमान लहानपणी तेथेच निजत. आजही उंच पलंगावर त्यांना लवकर झोप येत नाही.

तिसरी युक्ती भिंतीची. भिंतीला मांडणी, मांडणीत ताटे उभी, वाट्या पालथ्या, डबे उंचीप्रमाणे. दाराच्या मागे खुंट्या. पाट भिंतीला टेकून उभे आणि पाटा दाराच्या मागे उभा. तान्हे मूल असले की छताच्या कडीला साडीची झोळी. पाळण्याला चार पाय लागतात, झोळीला एकही लागत नाही, आणि मूल निजून उठले की ती सोडून घडी करता येते. दिवसा गोधड्यांच्या वळकट्या भिंतीशी रचून वर चादर घातली की पाहुण्याला टेकून बसायला लोड झाला. घरात एकच काम करणारी वस्तू सहसा येतच नसे.

पण या सगळ्यांहून मोठी युक्ती वेळेची होती. गावच्या घरात प्रत्येक कामाला निराळी जागा होती. चाळीत एकाच जागेला निराळ्या वेळा दिल्या. पहाटे नळाला पाणी येई तेव्हा खोली म्हणजे पाणवठा. हंडे, कळश्या, पिंप भरून घ्यायचे. मग पुरुषांच्या आणि मुलांच्या आंघोळी, तेव्हा ती न्हाणी. पडदा ओढायचा आणि बाकीच्यांनी पॅसेजमध्ये जायचे. त्यानंतर स्टोव्ह पेटला की स्वयंपाकघर. डबे गेले की निवडणे-टिपणे, म्हणजे पडवी. दुपारी तीच निजायची खोली, कारण रातपाळी करून आलेला माणूस झोपलेला असे. गिरण्यांत तीन पाळ्या चालत. ज्या घरात दोघे-तिघे निरनिराळ्या पाळ्यांना जात, त्या घरात एकच अंथरूण दिवसातून दोनदा अंगाखाली येई. माणूस निजला असेल तर मुलांनी बाहेर खेळायचे, बायकांनी सुपे घेऊन पॅसेजमध्ये पाखडायला बसायचे आणि बोलायचे ते हळू. संध्याकाळी दिवा लागला की तीच खोली देवघर, मग शाळा, मग जेवणघर. चूळ भरून झाली, खरकटे निघाले की पुन्हा अंथरुणे.

हे केवळ आमच्या घरचे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत शिकत होते तेव्हा परळच्या डबक चाळीत त्यांच्या वडिलांचे बिऱ्हाड एकाच खोलीत होते. अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून वडील मुलाला लवकर निजवत आणि स्वतः जागत. रात्री दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवत आणि मग आपण निजत. जागा वाढवणे त्यांच्या हाती नव्हते, म्हणून त्यांनी आपली झोप पुढे ढकलली. पुढे १९१२ च्या सुमारास हे कुटुंब पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत आले, तेथे त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या. बाबासाहेब शिक्षणासाठी परदेशी असताना त्या खोल्यांतला संसार रमाबाईंनी ओढला. बाबासाहेबांचे मोठे काम, चळवळी, भेटीला येणारी माणसे, वाढत जाणारी पुस्तके, हे सर्व कित्येक वर्षे त्या दोन खोल्यांत मावले. १९३४ च्या सुमारास ते दादरला राजगृहात राहायला गेले. रमाबाईंना मात्र ते मोठे घर फार दिवस लाभले नाही. १९३५ च्या मे महिन्यात त्या वारल्या. त्या दोन खोल्या आजही लोक पाहायला जातात. तेथे पुस्तकांचा विषय निघतो तेव्हा मला नेहमी वाटते, पुस्तके ठेवायला जागा झाली, तेव्हा रमाबाईंची भांडी कोठे गेली असतील?

एका खोलीत किती माणसे मावतात याचे उत्तर गावकऱ्यांच्या खोल्यांनी दिले. एकाच गावचे वीस-वीस पुरुष मिळून एक खोली घेत. प्रत्येकाची एक पेटी आणि एक वळकटी. निजायचे पाळीप्रमाणे. पावसाळा नसला की पॅसेज, गच्ची, फुटपाथ. जेवण बाईच्या खानावळीत. खानावळ म्हणजे तरी काय, अशीच एक खोली. त्यातच तिचा नवरा, मुले आणि जेवायला येणारे दहा-पंधरा गिरणीकामगार. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. खानावळ चालवणाऱ्या बाईला तोवर कोणी कामकरी म्हणत नसे. ती 'घरीच असते' असे म्हणत.

त्याच्याही आधी, १९५९ च्या मार्चमध्ये, गिरगावात सात गुजराती भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. तेच आजचे लिज्जत. त्यांनी सुरुवात गच्चीवर केली, हे मला फार बोलके वाटते. लहान घरातल्या बाईला जागा हवी असली की ती खोलीत कधी नसते. ती गच्चीवर, पॅसेजमध्ये, जिन्याच्या पायरीवर शोधावी लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संपाचे पुढे काय झाले ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. पुष्कळ गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. ज्या खोलीत पुरुष पाळीपाळीने येत होते, त्या खोलीत आता ते सगळा दिवस बसून राहू लागले. सासूबाई म्हणत, "तोवर खोली लहान आहे असे मला कळलेच नव्हते." सासरे दिवसभर खाटेवर बसत. त्यांच्यासमोर वावरताना घरातल्या बायकांना अवघडल्यासारखे होई. तरीही त्याच खोलीत सासूबाईंनी शिवणयंत्र आणले. यंत्र बसवण्यासाठी खाट एक वीत भिंतीकडे सरकवली आणि ट्रंका एकावर एक चढवल्या. फॉल-पिको, परकर, शाळेचे गणवेश असे काम घेऊन त्यांनी चार मुलांची शिक्षणे पुरी केली.

इथवर वाचून भगिनींना वाटेल, काय पूर्वीच्या बायकांची हुशारी! ती होतीच. पण या युक्त्या मी वहीत एकेक करून लिहू लागले तेव्हा माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक युक्तीच्या शेवटी कोणीतरी सरकलेले आहे, आणि सरकणारी बहुतेक वेळा बाई आहे. पाण्यासाठी पहाटे उठायचे तिने, कारण सर्वांच्या आधी उठले तरच मोरी मोकळी. जेवायचे तिने शेवटी, कारण एका वेळी पाटच चार मांडता येतात. लुगडे बदलायचे ते पडद्यामागे, श्वास रोखून. दुखले-खुपले तरी दिवसा आडवे व्हायला जागा नाही, कारण दिवसा त्या जागेला निराळी वेळ दिलेली. पुरुषाची खाट ठरलेली, मुलाचा अभ्यासाचा कोपरा ठरलेला. घरच्या बाईची जागा कोणती, असे विचारले तर उत्तर येई, "सगळे घर तिचेच की!" सगळे घर जिचे, तिला एक खुंटी स्वतःची नव्हती.

सासूबाईंची निजायची जागा मोरीच्या कट्ट्याला लागून. दारातून येणारा-जाणारा त्यांना ओलांडून जाई. तेथे थोडी ओल असे, म्हणून खाली पोते आणि वर गोधडी. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तेथेच निजत आणि तोवर त्यांना तेथे निजून छत्तीस वर्षे झाली होती. त्यांची ट्रंक खाटेखाली सर्वांत मागे. ती काढायची तर पुढचे सगळे ओढावे लागे, म्हणून त्या वर्षातून दोन-तीनदाच ती काढत.

आता माझी स्वतःची चूक सांगते. इतिहास लिहायचा म्हटला की आपल्या सोयीचे तेवढेच लिहून चालत नाही. २००८ साली आम्ही फ्रीज घेतला. चाळीत आमच्या मजल्यावर बहुतेकांकडे आला होता, आणि मुले लहान, दूध नासायचे. फ्रीज दारातून आत आला आणि मग प्रश्न पडला, ठेवायचा कोठे? खाटेची जागा हलवता येईना, शिवणयंत्राची येईना. विजेची जोडणी मोरीच्या अलीकडच्या भिंतीला. मी म्हटले, "इथेच बसेल." बसला. दोन बोटेसुद्धा उरली नाहीत. सासूबाई तेथेच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी आपले पोते आणि गोधडी उचलली आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये घातली. म्हणाल्या, "बाहेर वारा बरा लागतो." मीही मनाची समजूत घातली की उन्हाळा आहे, खरेच वारा लागत असेल.

पावसाळ्याच्या तोंडी त्या गावी जायला निघाल्या. "जरा हवापालट करून येते," म्हणाल्या. मी त्यांना 'जा' म्हटले नाही. पण 'राहा' असेही म्हटले नाही. गणपतीला आम्ही गावी गेलो तेव्हा परत चला म्हणून यजमानांनी आग्रह केला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे जागा कुठे आहे?" त्या स्वरात राग नव्हता. जशी वाण्याकडे साखर संपल्याची गोष्ट सांगावी तसे त्या बोलल्या. २०११ साली त्या तेथेच, माजघरात, वारल्या. पडवीतले जाते तसेच होते.

ज्या खोलीत एके काळी दहा माणसे निजली, नणंदेचे बाळंतपण झाले, गणपतीच्या पाहुण्यांची पंगत उठली, त्या खोलीत आम्हां पाचजणांत एका म्हातारीला जागा झाली नाही. खोली तेवढीच होती, १६० चौरस फूट. मग कमी काय झाले? मला वाटते, आधीच्या बायका प्रथम माणसे कोठे निजणार ते ठरवत आणि उरलेल्या जागेत सामान बसवत. मी सामान बसवले आणि उरलेल्या जागेत माणूस बसतो का ते पाहिले. फरक एवढाच.

आता चाळींचे दिवस संपत आले आहेत. जुन्या इमारती पाडून तेथे उंच इमारती उठत आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. स्वतःचा संडास, स्वतःची न्हाणी आणि दार लावून घेता येईल अशी एक खोली, एवढ्यासाठी आपल्या तीन पिढ्यांच्या बायका झुरल्या. चाळीतले दिवस किती गोड होते असे म्हणणाऱ्यांनी त्यांतली पहाट विसरू नये. परंतु नवी इमारत पुरी होईपर्यंत आपल्यापैकी कित्येकींना भाड्याच्या, कधी आहे त्याहून लहान जागेत दिवस काढावे लागत आहेत. कोणी मुलांच्या लग्नानंतर, कोणी यजमान निवृत्त झाल्यावर मोठे घर सोडून लहान घरात जात आहेत. त्यांच्यासाठी, या इतिहासातून मला जे उमगले ते चार ओळींत लिहिते.

नव्या जागेत सामान नेण्यापूर्वी रिकाम्या खोलीत घरातल्या प्रत्येकाचे अंथरूण घालून पाहावे. म्हाताऱ्या माणसाचे प्रथम. रात्री उठून मोरीकडे जाताना त्याला कोणाला ओलांडावे लागू नये. मग उरलेल्या जागेत कपाट, फ्रीज, टी. व्ही. बसवावे. जे बसणार नाही ते आणू नये.

उंचीचा उपयोग जरूर करावा, पण वर ठेवायचे ते वर्षातून दोनदा लागणारे. रोजची वस्तू वर गेली की ती काढायला रोज एक बाई स्टुलावर चढते.

जड वस्तू घेताना ती एकट्या बाईला सरकवता येते का ते पाहावे. सरकत नसेल तर तिच्याखालची जमीन कायमची गेली असे समजावे. आपल्या वळकट्या, पाट आणि झोळी यांचा गुण हाच की त्या उठवता येत.

घरातल्या प्रत्येकाला, लहानग्यापासून आजीपर्यंत, एक खुंटी आणि एक फळी स्वतःची द्यावी. तीवर दुसऱ्याने काही ठेवू नये. घरच्या बाईनेही आपली फळी मागून घ्यावी. न मागता ती मिळत नाही, हे शंभर वर्षांत सिद्ध झाले आहे.

शेवटची गोष्ट, पाहुण्याचे अंथरूण ठेवावे. त्याला फारशी जागा लागत नाही. गुंडाळून खाटेखाली टाकले की झाले. पण ते घरात आहे एवढ्यानेच 'आमच्याकडे जागा नाही' हे शब्द तोंडातून लवकर निघत नाहीत.

असो. सासूबाईंची ट्रंक मी गावाहून आणली आहे. तीत दोन नऊवारी लुगडी, शिवणाच्या हिशेबाची वही आणि साचेखात्यातील सासऱ्यांचा जुना पास एवढेच निघाले. ट्रंक मी खाटेखाली मागे ठेवली नाही. पुढे ठेवली आहे, हात घातला की लागेल अशी. नव्या घरात तिची जागा प्रथम ठरवीन, असे मी मनाशी म्हटले आहे. त्यांच्यासाठी करायला हवे होते ते आता ट्रंकेसाठी करते आहे, हे मला समजते. ज्यांच्या घरी सासू, आई किंवा आजी आज आहे, त्या भगिनींना एवढेच सुचवते की आज घरी गेल्यावर ती कोठे निजते ते एकदा पाहावे.



— मंडळाची एक सभासद